दोष लिव्हरचा नव्हता

आमच्या ह्यांना दारुडा ठरवलं ते चौघांनी मिळून. एक आमचा जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, दुसरे आमच्या महाराष्ट्र मंडळातले पोटाचे डॉक्टर, तिसरा हॉस्पिटलचा लिव्हर कन्सल्टंट आणि चौथी मी. पहिल्या तिघांवरचा माझा राग अजून तसाच आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पण लिहायला बसलेय ती चौथीमुळे.

हे म्हणजे माझा नवरा. वय त्रेसष्ट. बावीस वर्षांपूर्वी ह्यांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे पुण्याहून इंग्लंडला, स्लाऊला आलो आणि इथलेच झालो. मुलगी इथल्या शाळेत शिकली, आता कार्डिफला युनिव्हर्सिटीत नोकरी करते. नोकरी सोडल्यावर ह्यांनी दर शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये प्राणायामाचा क्लास सुरू केला. वीसेक माणसं यायची, त्यात चार पंजाबी आज्या आणि एक पोलिश ट्रक ड्रायव्हर. श्वास हा ह्यांच्या अभिमानाचा विषय. श्वास भरून थांबले की मिनिटभर छाती हलायची नाही. मला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही. घरातलं एक काम सांगितलं की हाच माणूस दहा सुस्कारे टाकायचा.

मी कौन्सिलमध्ये पार्किंग विभागात आहे. दंडाचं तिकीट मिळालं की लोक अपील करतात, ती अपिलं वाचायची. बायको बाळंत होत होती, कुत्र्याला उलट्या होत होत्या, पाटी झाडामागे होती. अकरा वर्षं मी हेच वाचतेय. माणूस खोटं कसं बोलतो ते आपल्याला बरोबर कळतं, असा माझा समज होता.

ऑक्टोबरमध्ये ह्यांचे बूट होईनासे झाले. पाय सुजायचे, संध्याकाळी मोजा काढला की घोट्यावर खोल वळ उमटलेला असायचा. मग पोट सुटायला लागलं. हे म्हणाले, तू भाजीत मीठ जास्त घालतेस. मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्यांदा भात घेता. असं महिनाभर एकमेकांवर ढकलून झाल्यावर एका सकाळी बरोबर आठला जीपीला फोन लावला, अर्धा तास होल्डवर तेच पियानोचं संगीत ऐकलं आणि नऊ दिवसांनंतरची अपॉइंटमेंट मिळाली.

जीपीने संगणकाच्या स्क्रीनकडे बघत विचारलं, "आठवड्याला किती युनिट्स?" इथे दारू युनिटमध्ये मोजतात.

"झिरो," हे म्हणाले.

"झिरो? नुसतं वीकेंडला?"

"झिरो म्हणजे झिरो."

तो हसला. शाळेत पोरगा म्हणतो ना, गृहपाठ केला होता पण वही घरी राहिली, तेव्हा बाई हसतात तसा. आणि मला ते हसू ओळखीचं वाटलं, कारण अपिलं वाचताना मीही तशीच हसते.

ह्यांच्या गळ्यात मफलर होता. ऑक्टोबर ते एप्रिल तो गळ्यातून निघत नाही. जीपीने स्वेटरवरूनच पोट दाबून पाहिलं, मफलर काढायला सांगितलं नाही. रक्त काढा म्हणाला, पोटाचा स्कॅन करा म्हणाला. स्कॅनमध्ये लिव्हर मोठं निघालं आणि पोटात पाणी. लिव्हर क्लिनिकला पत्र गेलं, त्याची कॉपी आम्हालाही आली. त्यात एक ओळ होती, 'पेशंट डिनाइज अल्कोहोल.' घेत नाही, असं नाही. नाकारतो! मी ती ओळ चारदा वाचली. हे म्हणाले, अगं, डॉक्टरांची लिहायची पद्धत असते ती. पण त्या ओळीने माझ्या डोक्यात घर केलं.

मग मंडळाची दिवाळी आली, हॉल मिळेल तेव्हा, म्हणजे डिसेंबरात. आमच्या मंडळात निम्मे डॉक्टर. कार्यक्रम कुठलाही असो, मसालेभात वाढून होईपर्यंत हॉलच्या एका कोपऱ्यात फुकट ओपीडी सुरू होते. कुणी गुडघा दाखवतं, कुणी फोनमधले रिपोर्ट दाखवतं, आणि डॉक्टर एका हातात पेपर प्लेट धरून निदान करतात. त्या दिवशी मी किचनमध्ये भात गरम करत होते. पोटाचे डॉक्टर आत आले, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. ते थोडी घेतात का?"

"कोण?"

"अहो वहिनी. मी आत्ता पाहिलं त्यांच्याकडे. हात बारीक, पोट मोठं. लिव्हर उगाच असं होत नाही. शिकलेली माणसं लपवतात, घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं. मी रोज बघतो हे."

मी म्हटलं, "मग एकदा नीट तपासा ना त्यांना."

"आपल्या माणसाला असं हॉलमध्ये आडवं पाडून काय तपासणार? बरं दिसत नाही ते," म्हणाले आणि डब्यातली एक चकली उचलून गेले.

बरं दिसत नाही! माणसावर शिक्का मारलेला बरा दिसतो, त्याच्या मानेवरचा मफलर बाजूला केलेला बरा दिसत नाही. आज हे कळतं. त्या दिवशी मी भात ढवळत तिथेच उभी राहिले, आणि मला ह्यांचा राग आला. डॉक्टरांचा नाही, ह्यांचा.

दुसऱ्या दिवसापासून मी झडती सुरू केली. हे बाहेर पडले की मी शेडमध्ये. लॉफ्टवरच्या सुटकेसेस, गाडीतल्या स्टेपनीखालची जागा, योगाच्या मॅटची पिशवी, कणकेचा डबा. कणकेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं मी. ह्यांची पाण्याची स्टीलची बाटली रोज उघडून वास घ्यायचे. काही सापडेना. काही सापडत नाही म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटलं, किती पक्का आहे हा माणूस!

आणि जानेवारीत सापडली. बाथरूमच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे, द्राक्षासवाची बाटली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे आयुर्वेदिक औषध. द्राक्षं आंबवून करतात, आपल्याकडे पचनासाठी आजी-आजोबांपासून सगळे दोन-दोन चमचे घेतात. पण आंबवलेलं, त्यामुळे त्यात आपोआप थोडं अल्कोहोल तयार होतं आणि लेबलवर तसं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी चष्मा लावून ते बारीक अक्षर वाचलं. निम्मी बाटली संपली होती.

"हे काय?" मी बाटली ह्यांच्या नाकासमोर धरली.

"द्राक्षासव. पोट फुगतं म्हणून जेवल्यावर दोन चमचे घेतो. तुझ्याच बहिणीने पाठवलंय."

"मग लपवलंत कशाला?"

"लपवलं कुठे? तू टॉवेल रचलेस पुढे."

आता कुठल्याही शहाण्या बाईला हसू आलं असतं. मला नाही आलं. त्याच आठवड्यात लिव्हर क्लिनिकची तारीख होती. मी ती बाटली सुपरमार्केटच्या पिशवीत घालून नेली आणि कन्सल्टंटने 'युनिट्स' म्हणायच्या आत त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने लेबल वाचलं. इतका वेळ त्याच्या कपाळावर आठी होती, ती गेली. 'थँक यू, दॅट्स व्हेरी हेल्पफुल,' तो मला म्हणाला आणि टाइप करायला लागला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मी त्या बाटलीकडे बघत बसले.

बसमध्ये हे माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढच्या सीटवर बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणं म्हणजे 'मीठ दे' आणि 'दाराला कडी लाव'. झोपायलाही मुलीच्या रिकाम्या खोलीत गेले.

पाय सुजतात म्हणून हृदयाचाही एकदा स्कॅन करायचा असतो, तो फेब्रुवारीत झाला. इको. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर जेल लावून एक छोटं यंत्र फिरवतात आणि स्क्रीनवर हृदय हलताना दिसतं. तिथला मुलगा ह्यांना म्हणाला, चित्र स्वच्छ यावं म्हणून मी सांगेन तेव्हा श्वास रोखून धरा. झालं! ह्यांना तेवढंच हवं होतं. असा श्वास रोखला की तो मुलगा म्हणाला, दिवसभरात तुमच्याइतका चांगला पेशंट आला नाही. हे संध्याकाळी फोनवर मुलीला सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं. रिपोर्ट आला, चित्रं उत्तम, हृदयाचं काम व्यवस्थित. म्हणजे लिव्हरच.

मार्च उजाडेपर्यंत ह्यांचे खांदे खुंटीसारखे वर आले, पोट आठव्या महिन्याच्या बाईसारखं. क्लास बंद पडला. जिना चढताना मध्ये दोनदा बसायचे. पोटात सुई घालून पाणी काढलं, पाच लिटर निघालं, तीन आठवड्यांत परत भरलं. लिव्हरच्या कन्सल्टंटने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच वाढत गेलं तर ट्रान्सप्लांटचा विचार करावा लागेल, पण पेशंट दारूबद्दल खरं बोलत नसेल तर त्याचं नाव यादीत जाणं अवघड. वेळ फार नाही, असंही म्हणाला.

मी घरी येऊन ह्यांच्यापुढे उभी राहिले. "कबूल करा," मी म्हटलं. "एकदा कबूल करा, म्हणजे पुढचे उपचार तरी होतील."

"जे केलं नाही ते कबूल करू?"

"हो, करा! मेलात तर काय करायचंय तुमच्या खरेपणाला?"

हे उठले आणि जिन्याला लागले. मधल्या पायरीवर बसले. मी खालून बघत होते, हात द्यायला गेले नाही. हे लिहिताना माझा हात थांबतो. पण खरं ते खरं, मी गेले नाही.

दुसऱ्यांदा पाणी काढायला संध्याकाळी घरी सोडतात त्या डे-वॉर्डमध्ये नेलं तेव्हा एक ज्युनियर डॉक्टर मुलगी आली. वेल्श असावी, कार्डिफकडची, आमच्या मुलीच्या ऑफिसातल्या मुली बोलतात तसं बोलत होती. जेमतेम आमच्या मुलीएवढी. तिने सुई हातात घ्यायच्या आधी ह्यांना विचारलं, "मफलर काढाल का?"

पाच महिन्यांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली. तिने पलंगाचं डोकं अर्धं वर केलं, ह्यांना मान वळवायला लावली आणि नुसतीच बघत राहिली. मग म्हणाली, मोठा श्वास घ्या. मग मला हाक मारली. ह्यांच्या मानेवर कॉलरच्या हाडापासून पार कानाच्या पाळीपर्यंत शीर टम्म फुगलेली होती. माणसाने श्वास आत घेतला की ती शीर खाली बसायला हवी, ती म्हणाली, ह्यांची वर चढतेय.

"लिव्हरमुळे मान अशी होत नाही," ती म्हणाली. "हृदयात रक्त शिरायलाच जागा मिळत नाहीये. हृदयाभोवती एक पिशवी असते. कधी टीबी झाला होता का?"

"झाला होता," हे म्हणाले. "कॉलेजात असताना. पूर्ण कोर्स केला गोळ्यांचा. इथे जीपीकडे नाव घातलं तेव्हा फॉर्मवर लिहिलंय."

तिने कॉम्प्युटरवर मागे मागे जात पाहिलं. लिहिलेलं होतं. बावीस वर्षं ते तिथेच होतं. मलाही माहीत होतं की! लग्नाआधीच सांगितलं होतं ह्यांनी. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण सगळे युनिट्स विचारत होते आणि मीही तेच शोधत होते.

तिने नवीन इको लावला आणि चिठ्ठीत लिहिलं, श्वासाबरोबर हृदय कसं हलतं ते बघा. पुढच्याच आठवड्यात नंबर लागला. ह्या वेळी एक वयस्क बाई होत्या, गळ्यात साखळीला चष्मा. खोलीत अंधार, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. बाई म्हणाल्या, "श्वास रोखू नका, नेहमीसारखा घ्या."

आता ह्यांचा नेहमीसारखा श्वास म्हणजे काय, तर वर्षानुवर्षं घासूनपुसून इतका संथ केलेला की वरची चादरही हलत नाही. बाई म्हणाल्या, मोठा घ्या. ह्यांनी मोजून मापून, सहा आकडे आत, सहा आकडे बाहेर, असा घेतला. बाई यंत्र फिरवत होत्या, स्क्रीनकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या. म्हणाल्या, काही ठामपणे सांगण्यासारखं दिसत नाही.

मला समोर दुसरा नॉर्मल रिपोर्ट दिसायला लागला. परत लिव्हर क्लिनिक, परत सुई. माझा तोल गेला.

"अहो, श्वास घ्या की माणसासारखा!" मी ओरडले. "इथेही शनिवारचा क्लास मांडलाय का?"

"गप्प बस," हे म्हणाले. सात-आठ आठवड्यांत मीठ, कडी आणि 'जे केलं नाही ते कबूल करू?' एवढं सोडून माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

"नाही बसत गप्प! त्या बाई जीव तोडून बघतायत आणि तुम्ही इथे ऐट दाखवताय. मरायचंय का तुम्हाला?"

"तू मरायचं बोलतेस? तू?" हे कोपरावर उठले. बाईंनी त्यांना हाताने परत कुशीवर दाबलं, पण ह्यांचं तोंड सुरू झालं होतं. "पिशवीत घालून नेलीस बाटली! परक्या माणसापुढे टेबलावर ठेवलीस!"

"ठेवली! तुम्ही बोलत नव्हतात म्हणून ठेवली!"

"बोलत नव्हतो? झिरो म्हटलं ना मी! झिरोच्या पुढे काय बोलायचं असतं माणसाने?" धाप लागली होती, छाती वर-खाली होत होती, प्रत्येक वाक्यागणिक हवा ओढत होते. मी घाबरून गप्प झाले.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. "डोन्ट स्टॉप," त्या म्हणाल्या. "व्हॉटेव्हर दिस इज, प्लीज डोन्ट स्टॉप."

मी स्क्रीनकडे पाहिलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये एक भिंत असते. ती भिंत ह्यांच्या प्रत्येक श्वासाला एकदा इकडे, एकदा तिकडे अशी झटके खात होती. बाईंनी बोटाने दाखवलं. श्वास आत घेतला की एक बाजू भरते, पण बाहेरचं आवरण कडक झाल्यामुळे तिला फुगायला जागाच नाही, मग ती दुसऱ्या बाजूला ढकलते. श्वास रोखून धरला की ही ढकलाढकली दिसतच नाही. फेब्रुवारीत ह्यांनी आपला दुखणं लपवणारा श्वास मोठ्या अभिमानाने रोखून धरला होता, आणि त्याबद्दल शाबासकी घेऊन आले होते.

मग आम्ही सरकारी देखरेखीखाली भांडलो. दुसरं काय म्हणू? बाई चित्रं घेत होत्या आणि हे बोलत होते. "आईने नाही, बापाने नाही, एवढ्या नोकऱ्या केल्या, कुठल्या साहेबाने मला खोटारडा म्हटलं नाही. तू म्हटलंस. पस्तीस वर्षं माझ्या ताटाशेजारी बसून जेवलीस तू. तुला वास आला असता ना गं! माझ्या तोंडाला कधी आला का वास? सांग ना, आला का?"

नव्हता आला. एकदाही नव्हता आला. कणकेच्या डब्यात हात घातला, गाडीचं टायर उचललं, आणि ही इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. बाईंनी मागे वळून अगदी सौजन्याने विचारलं, "अजून थोडं बोलाल का त्यांच्याशी? एक शेवटचं चित्र हवंय." त्याची गरज पडली नाही. ह्यांचे डोळे वाहत होते, श्वास अडखळत होता, आणि तेवढ्यावर ते शेवटचं चित्र मिळालं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. सीटी स्कॅनमध्ये हृदयाभोवती पांढरी कड दिसली, कॅल्शियमची. कार्डिऑलॉजिस्ट म्हणाला, कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस. पिशवीची करवंटी झालीय, असं मी मुलीला फोनवर समजावलं. आतलं हृदय धडधाकट, पण करवंटीत कोंडलेलं. त्याला पसरून रक्त आत घेता येत नाही, म्हणून रक्त मागे तुंबतं, आधी लिव्हरमध्ये, मग पोटात, मग पायांत. टीबी आता जिवंत नाही ना, ते तपासलं. नव्हता. नुसती सूज असती तर गोळ्यांनी भागलं असतं, पण दगड झाल्यावर गोळ्या चालत नाहीत, कापूनच काढावं लागतं. तोपर्यंत लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देऊन अंगातलं पाणी कमी करायचं.

लिव्हर क्लिनिककडून दोन ओळींचं पत्र आलं, आता आमच्याकडे येण्याची गरज नाही. सॉरीचा स नव्हता. मंडळातल्या डॉक्टरांचा फोन आला. "वहिनी, फार रेअर असतं हो हे. कुणाच्याही लक्षात आलं नसतं."

"एका पोरीच्या आलं," मी म्हटलं. "तिने मफलर काढला." आणि फोन ठेवला. मंडळात आम्ही गेलो नाही त्यानंतर.

त्यांना बोलणं सोपं होतं. ह्यांच्याशी बोलायला मला आठ दिवस लागले. एका दुपारी वाटीत आमटी वाढताना म्हटलं, "चुकलं माझं."

"ठीक आहे," हे म्हणाले.

"ठीक आहे काय? भांडा ना माझ्याशी."

"भांडून झालंय त्या दिवशी." आणि आमटीत भात कालवायला लागले. मला इतका संताप आला की पळी जोरात आपटून बाहेर गेले. क्षमा मागणाऱ्या माणसाला 'ठीक आहे' म्हणणं हा कुठला न्याय? नाही म्हणा, हो म्हणा, शिव्या द्या. शेजारच्यांच्या मांजरावर ओरडून मी परत आत आले तेव्हा हे ताट घासून जाळीत उपडं घालत होते.

ऑपरेशन मे महिन्यात लंडनला ठरलं. सर्जन बाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, आवरण हृदयाला चिकटलेलं आहे, तुकड्या-तुकड्याने सोलून काढावं लागेल, वेळ लागेल, आणि काही पेशंट टेबलावरून उठत नाहीत. ह्यांनी ऐकून घेतलं. क्लास परत कधी घेता येईल, एवढंच विचारलं.

त्या सकाळी आठ वाजता ह्यांना आत नेलं. ट्रॉली वळायच्या आधी मला म्हणाले, "काहीतरी खाऊन घे." मी मान हलवली. मी काही खाल्लं नाही. ऑपरेशन थिएटरच्या खालच्या मजल्यावर वेटिंग रूम होती, तिथे फोन मांडीवर ठेवून बसले. ऑपरेशन संपलं की सर्जन स्वतः फोन करतात, असं सांगितलं होतं. अकरा वाजले, एक वाजला. शेजारचं कुटुंब उठून गेलं, त्यांचा फोन आला होता. दोन वाजले. मी बाथरूमला गेले तेव्हाही फोन हातात धरून गेले. तीन. माझ्या मनात नको ते यायला लागलं, आणि ते आलं की मी ह्यांच्यावर चिडायचे, म्हणजे ते जायचं.

सव्वातीनला फोन वाजला. सर्जन नव्हत्या, मुलगी होती. ती कार्डिफहून ट्रेनने येत होती.

"आई, झालं," ती म्हणाली. "बाबा ओके आहेत. सगळं निघालं म्हणाली सर्जन. मी रेडिंगला आहे, तासाभरात पोचते."

मला रडू फुटलं. देवाचं नाव घेतलं, काय काय बोलले ते आठवत नाही. मग जरा वेळाने डोकं चालायला लागलं. "पण तुला कसं कळलं?"

"मला फोन आला ना, आत्ता. थिएटरमधून."

"तुला का? मी इथे दारात बसलेय सकाळपासून."

मागे ट्रेनची अनाउन्समेंट ऐकू येत होती. "आई, बाबांनी फॉर्मवर माझा नंबर दिलाय. जवळचं माणूस, नेक्स्ट ऑफ किन म्हणून."

"आणि माझा?"

"फक्त माझाच आहे. मी त्यांना म्हटलं होतं, आईचापण दे. नको म्हणाले."

मी आयसीयूपाशी गेले, बेल दाबली. नर्स बाहेर आली. मी ह्यांचं नाव सांगितलं, मी बायको आहे म्हणून सांगितलं. तिने हातातला कागद पाहिला, उलटून पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, माझ्याकडे इथे फक्त मुलगी लिहिलीय. दोन मिनिटं थांबा, असं म्हणून तिने दार लावलं आणि आत जाऊन मुलीला फोन केला. दाराला काच होती, त्यातून मला तिचे ओठ हलताना दिसत होते. बाहेर एक बाई उभ्या आहेत, तुमच्या आई आहेत असं म्हणतात, सोडू का, असंच विचारत असणार.

मुलगी हो म्हणाली असावी. मग नर्सने दार उघडलं आणि मला आत घेतलं.